पदरात घेतलेली मुलगी

अक्कलदाढ काढून द्यायला कावेरी मिसाळची काही हरकत नव्हती. मेली उगवलीच होती वाकडी, सतत गालाला टोचायची. पण काढल्यावर तीच दाढ तोंड उघडेल, आणि तेही भलत्याच आठवड्याबद्दल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"हे बघा," डॉ. नसीमा इनामदार पडद्याकडे बोट करत म्हणाल्या. दाढेचा उभा छेद भिंतीएवढा मोठा करून दाखवला होता. त्यात कांद्याच्या पाकळ्यांसारखे थरावर थर दिसत होते. "अक्कलदाढ हिरडीत उशिरा दिसते, पण आत ती आठव्या-नवव्या वर्षापासून घडत असते, पार विशीपर्यंत. रोज एक बारीकसा थर चढतो. त्या दिवसांत रक्तात जे असेल ते थरात अडकून बसतं. माणूस घाबरला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडतं, तेही त्यात आलं. हाड झिजतं, पुन्हा भरतं, जुनं पुसून टाकतं. दात तसं काही करत नाही."

"आणि तारीख कशी कळते?" शेजारी बसलेल्या आम्रपालीनं विचारलं. आम्रपाली वाघमारे म्हणजे कावेरीची शाळेतली मैत्रीण. या सगळ्या भानगडीत कावेरीला ओढून आणणारी तीच.

"पाण्यावरून. तुमचे आईवडील ऊसतोडीला जायचे ना? हंगाम संपला की तुम्ही शाळेतून गावी. शाळेच्या बोअरचं पाणी वेगळं, गावच्या विहिरीचं वेगळं. त्यातले क्षार थरांत उतरतात. दरवर्षीचं जाणं-येणं दाढेत लिहिलेलं आहे. त्या खुणांपासून पुढचे थर मोजले की आठवड्यापर्यंत पोचता येतं."

हे दंतवाचन नवीन होतं, आणि त्याचा एवढा बोलबाला व्हायचं कारणही तसंच होतं. राज्यानं बालनिवास न्यायाधिकरण नेमलं होतं. निवासी शाळांमध्ये लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांच्या जुन्या तक्रारी ऐकायला. पुरावा काय, तर काही नाही. साक्षीदार पांगलेले, गुन्हेगार म्हातारे नाहीतर मेलेले. मग दाढा आल्या, आणि लोक म्हणायला लागले, चला, आता खोटं-खरं होऊन जाईल.

कावेरीची शाळा एका टेकडीवर होती, म्हणून सगळे तिला टेकडीच म्हणायचे. तिथले अधीक्षक भोकरे सर. ते मरून गेले होते, मोठ्या मानानं. शोकसभेत अर्धा तालुका रडला होता. आणि संस्था म्हणत होती, ज्याच्याबद्दल तक्रार तो माणूसच राहिला नाही, आता आम्हाला कशाला वेठीला धरता? नवा कायदा मात्र असा होता, की गुन्हेगार मेला तरी संस्था सुटत नाही. फक्त एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी. मुलानं संस्थेतल्या जबाबदार माणसाला सांगितलं होतं, आणि तरी त्यानं कानाडोळा केला.

"तुमची सगळ्यात उंच रेघ इथं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जानेवारीतला हा आठवडा. पण अडचण अशी, की संस्थेनं भोकरेंच्या दौऱ्यांची माहिती दिली आहे. त्या आठवड्यात ते कबड्डीचा संघ घेऊन विभागीय स्पर्धेला गेले होते. टेकडीवर नव्हतेच. मग त्या आठवड्यात तुम्हाला एवढी भीती कशाची वाटली? काही आठवतं?"

आठवत नाही कसं? त्या शुक्रवारचं अंगणसुद्धा कावेरीच्या डोळ्यांसमोर उभं होतं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच आठवत नाही."

आम्रपालीनं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. आम्रपालीची स्वतःचीच दाढ तिच्या विरुद्ध गेली होती. तिच्या थरांत कुठंच उंच रेघ नव्हती. सपाट, थंडगार. ज्या मुलीनं सगळ्यात जास्त काळ सोसलं, तिचीच दाढ म्हणत होती, काही घडलंच नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, की सतत भीतीत राहिलेलं शरीर शेवटी थकतं, ते रसायन सोडायचंच कमी करतं, आणि सपाट रेघ म्हणजे सुख नव्हे. पण संस्थेचे वकील गोरे यांना तेवढं कुठं ऐकायचं होतं! त्यांनी ती सपाट रेघ वर्तमानपत्रात छापून आणली. नाव नव्हतं, नुसतं 'दाढ क्रमांक सात'.

बाहेर पडल्यावर आम्रपाली म्हणाली, "कावे, पुढच्या महिन्यात सरकार आपल्या जिल्ह्यातली सगळी वसतिगृहं संस्थेला चालवायला देतंय. सगळी. निकाल त्यांच्या बाजूनं लागायची तेवढी खोटी. तुला काही आठवलं तर सांग गं बाई."

"सांगेन की," कावेरी म्हणाली, आणि रिक्षात बसली.

*

आता ती खोटं का बोलली, ते सांगायला हवं.

टेकडीवर एक रीत होती. शुक्रवारी प्रार्थना झाली, की ज्या मुलाचं काही चुकलं असेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहायचं, काय चुकलं ते सांगायचं, आणि मुख्याध्यापिकाबाईंपुढे वाकून म्हणायचं, "चुकलं, पदरात घ्या." मग मोठ्या बाई हसायच्या, त्याच्या डोक्यावरून पदर ओढून घ्यायच्या, आणि सगळी शाळा एका सुरात ओरडायची, "घेतलं!" पाहुण्यांना ही रीत भारी आवडायची. छडी नाही, शिव्या नाहीत, काय ते संस्कार! देणगीदारांच्या बायका डोळे पुसायच्या. टेकडीवर काढलेल्या माहितीपटाची सुरुवातच मुळी त्या पदरानं व्हायची.

मोठ्या बाई म्हणजे सुलभा नाईकवाडे. कावेरीचे आईवडील उसाच्या ट्रॉलीखाली गेले तेव्हा ती पाचवीत होती. पुढं तिला सुट्टीतही टेकडीवर ठेवून घेतलं ते बाईंनी. शिवणाचा कोर्स लावून दिला बाईंनी. लग्न लावलं, पाठवणीला रडल्या, पहिल्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन आल्या, त्याही बाईच. कावेरीचं अंबाजोगाईत ब्लाऊजचं दुकान होतं, आणि दर दिवाळीला पहिलं ब्लाऊज शिवलं जायचं ते बाईंचं. तिला माहेर होतं ते एवढंच.

आणि त्या जानेवारीत, अकरा वर्षांच्या कावेरीनं भोकरे सरांबद्दल जे सांगायचं ते या बाईंनाच सांगितलं होतं. औषधांच्या कपाटाची किल्ली तेव्हा तिच्या गळ्यात असायची. टेकडीवर तो मोठा मान. किल्लीवाली मुलगी रोज संध्याकाळी सरांच्या खोलीत जाऊन आजारी पोरांची औषधं मोजून घ्यायची. त्या खोलीत सर तिच्याशी काय करतात, हे तिनं अडखळत, रडत, अर्धंमुर्धं सांगितलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, दूध प्यायला दिलं, म्हणाल्या, "कुणाजवळ बोलू नकोस. मी बघते."

आणि शुक्रवारी प्रार्थनेनंतर तिचं नाव पुकारलं.

बाईंनी सांगितलं तसं ती म्हणाली. सरांबद्दल खोटं बोलले. चुकलं, पदरात घ्या. डोक्यावर पदर आला, आत साबणाचा वास आणि अंधार, आणि बाहेर शेकडो पोरं ओरडली, "घेतलं!" त्याच दिवशी किल्ली काढून घेतली, आणि तिला बाईंच्या घराशेजारच्या खोलीत हलवलं.

पोरीचं मन किती वेडं असावं! तिनं ठरवून टाकलं, की बाईंना आपलं पटलं नाही, आपल्यालाच नीट सांगता आलं नाही. किल्ली गेली ती शिक्षा. आणि तरीही बाईंनी आपल्याला पदरात घेतलं, म्हणजे त्यांचं मन किती मोठं! या एका समजुतीवर तिनं उभं आयुष्य काढलं होतं. म्हणूनच न्यायाधिकरणाला तिनं लिहून दिलं होतं, की मी कुणालाही सांगितलं नाही. बिचाऱ्या बाईंना म्हातारपणी कशाला त्रास?

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाईंकडे गेली. बाई आता थकल्या होत्या, पण टेकडीच्या पायथ्याला संस्थेनं बांधून दिलेल्या घरात अजून त्यांचाच दरारा होता.

"ये गं माझे बाय," त्या म्हणाल्या. "वाळलीस किती! नवरा खायला घालत नाही वाटतं?"

"दाढ काढलीय, बाई. चावता येत नाही."

दाढेचं नाव निघताच बाईंनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "उद्या काय सांगणार आहेस?"

"तुमचं नाव घेणार नाही. घेतलेलंच नाही. फक्त ते जानेवारीतल्या आठवड्याचं विचारतायत. मी म्हटलं, आठवत नाही."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "गुणाची पोर. मला माहीतच होतं."

"तेव्हा मला नीट सांगता आलं नाही तुम्हाला," कावेरी म्हणाली. इतक्या वर्षांत हा विषय दोघींमध्ये पहिल्यांदाच निघत होता. "तुमचा तरी काय दोष? लहान पोरीवर कोण विश्वास ठेवणार?"

बाईंना ते लागलं. खरंच लागलं. आपल्या मायेवर कुणी शंका घेतली की माणूस दुखावतो, तशा त्या दुखावल्या.

"म्हणजे? मी विश्वास ठेवला नाही असं वाटतं होय तुला?" त्या म्हणाल्या. "अगं, ठेवला म्हणून तर त्याला दुसऱ्या दिवशी स्पर्धेला धाडला. त्याच्यासमोर तुला उभं करायची नव्हती मी. एवढी का निर्दय आहे मी? तो परत यायच्या आत सगळं मिटवलं. तुला माझ्या शेजारी आणली. किल्ली काढून घेतली."

कावेरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हेच तिला कळेना.

"तुम्हाला खरं वाटलं होतं?"

"तुझ्या डोळ्यांत दिसत होतं, राणी."

"मग शुक्रवारी मला उभं का केलंत?"

"तू आणखी कुणाला बोलली असतीस तर? पोरांना कळायला नको? संस्थेचं अनुदान यायचं होतं त्या साली. इमारत अर्धी राहिली होती. एकदा गवगवा झाला असता तर टेकडी बंद पडली असती. सगळी पोरं परत उसाच्या फडात. तुला नसतं कळलं, पण मला सगळ्यांचं बघावं लागायचं."

"आणि किल्ली?" कावेरीचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "माझ्याकडची किल्ली कुणाला दिलीत?"

बाईंनी हात उडवला. "असेल कुणाला तरी दिली. कपाटाला कुणीतरी लागायचंच ना!"

कावेरीला चांगलं आठवत होतं, कुणाला ते. दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर तोंड धुताना आम्रपाली गळ्यातली किल्ली मिरवत आली होती. नऊ वर्षांची. "बघ, आता मी किल्लीवाली!" आणि कावेरीला, देवा रे, तिचा हेवा वाटला होता.

बाई चहा टाकायला उठल्या. त्या परत येईपर्यंत कावेरी निघून गेली होती.

रस्त्यात तिला रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तोही आधी स्वतःवर. केसानं गळा कापला म्हणतात ना, तसं झालं होतं, आणि कापून घेणारी इतकी वर्षं त्या हाताला मेंदी लावत बसली होती. दर दिवाळीला त्या बाईच्या ब्लाऊजचे काज तिनं हातानं केले होते. बाकी गिऱ्हाइकांचे ती मशीनवर करायची. ते प्रेम होतं कुठलं? तोंड बंद ठेवण्याचा मोबदला होता तो, आणि तिला तो माहेर म्हणून मिळाला होता.

आम्रपालीला तिनं फोन लावला, आणि वाजायच्या आत बंद केला. सांगणार काय? तुझ्या वाट्याला जे आलं ते माझ्या जागेवर आलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

*

न्यायाधिकरणाचं दालन जिल्हा परिषदेच्या जुन्या सभागृहात होतं. अध्यक्षा सबनीस मॅडम निवृत्त न्यायाधीश, कमी बोलणाऱ्या. पहिल्या रांगेत मोठ्या बाई बसल्या होत्या. कावेरी आत येताच त्यांनी नेहमीसारखं हसून मान हलवली. तक्रारदारांची नावं गुप्त होती. ते मागं, पडद्याआडच्या बाकांवर बसले होते. आम्रपाली तिथंच होती.

वकील गोरे भलतेच रंगात आले होते.

"मॅडम, दाढा खोटं बोलत नाहीत, असं यांचंच म्हणणं. मग बघा दाढा काय म्हणतात. या चार दाढांमध्ये उंच रेघा आहेत. चार वेगवेगळ्या वर्षांतल्या. आणि चारही वेळा भोकरे सर टेकडीवर नव्हते. एकदा विभागीय स्पर्धा, एकदा प्रशिक्षण, दोनदा शिबिर. दाढ क्रमांक सातमध्ये तर काहीच नाही. ज्या माणसाची भीती, तो असताना मुलं शांत, आणि तो नसताना घाबरलेली? याला काय म्हणायचं?"

सभागृहात कुजबुज झाली. डॉ. इनामदार काहीतरी टिपून घेत होत्या.

गोरे कावेरीकडे वळले. "तुम्ही लिहून दिलंय, की त्या काळात तुम्ही शाळेतल्या कुणालाही काहीही सांगितलं नाही. बरोबर?"

एवढं 'हो' म्हटलं की झालं. बाईंचं घर तिला उघडं राहिलं असतं. दिवाळी राहिली असती. आम्रपालीला कधीच काही कळलं नसतं. आणि जिल्ह्यातली सगळी वसतिगृहं, सगळी कपाटं, सगळ्या किल्ल्या संस्थेच्या हाती गेल्या असत्या.

"चूक," कावेरी म्हणाली. "मी खोटं लिहून दिलं. मी मोठ्या बाईंना सांगितलं होतं."

गोरेंच्या तोंडचं पाणी पळालं. कावेरी थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. तिनं दुधाचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं, सरांना दुसऱ्या दिवशी स्पर्धेला का धाडलं ते सांगितलं.

"सर नव्हते म्हणूनच ती रेघ तिथं आहे, मॅडम. जिनं तोंड उघडलं, तिला उभं करायच्या आधी सरांना बाहेरगावी पाठवायचे. मला सरांची भीती वाटायचीच. पण एवढी नव्हती. ज्यांना सांगितलं त्यांनीच सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, तेव्हाची रेघ आहे ती."

डॉ. इनामदार उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, उरलेल्या तिघींनाही हेच विचारा. त्या आठवड्यात त्यांनी कुणाला सांगितलं होतं का, आणि शुक्रवारी काय झालं."

पडद्याआडून एक हुंदका आला. मग एक बाई म्हणाली, "मला पण उभं केलं होतं." दुसरी म्हणाली, "मला पण." गोरेंनी दौऱ्यांची जी माहिती एवढ्या मिजाशीत दिली होती, ती त्यांच्याच अंगाशी आली होती.

अजून एक गोष्ट राहिली होती, आणि तीच जड होती. "दाढ क्रमांक सात सपाट आहे," कावेरी म्हणाली, "कारण तिनं कुणाला सांगितलंच नाही. माझं काय झालं ते तिनं अंगणात बसून पाहिलं होतं. नऊ वर्षांची होती ती. मला वाचवलं आणि माझ्याकडची किल्ली तिच्या गळ्यात घातली. मला कालपर्यंत वाटत होतं, की मला शिक्षा झाली."

कावेरीला पडद्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

सबनीस मॅडमनी मोठ्या बाईंना पुढं बोलावलं. "नाईकवाडेबाई, या मुलीनं तुम्हाला सांगितलं होतं?"

गोरे घाईघाईनं त्यांच्या कानाशी लागले. बाईंनी त्यांना हातानं दूर केलं. आयुष्यभर ज्या सभागृहात टाळ्या घेतल्या, तिथं वकिलाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"हो, सांगितलं होतं," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "मी संस्था वाचवली. किती पोरं शिकून मोठी झाली टेकडीवरनं, जरा विचारा की. आणि हिला तर मी पोटच्या मुलीसारखं वाढवलं. हिच्या केसालाही पुन्हा धक्का लागू दिला नाही. आज ही उलटली माझ्यावर! हिला तर मी वाचवलं होतं, मॅडम!"

"आणि मला?"

आम्रपाली पडद्यामागून बाहेर आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. नाव गुप्त राहायचा हक्क होता तिचा, तो तिनं बाकावरच सोडला होता. ती चालत आली आणि बाईंच्या अगदी समोर उभी राहिली.

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. त्या खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होत्या.

"तू कोण गं?" त्यांनी विचारलं.

कावेरी साक्षीदाराच्या जागेवरून खाली उतरली आणि आम्रपालीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आम्रपालीनं तिच्याकडे पाहिलं नाही, पण बाजूलाही सरकली नाही.

"ही आम्रपाली वाघमारे, बाई," कावेरी म्हणाली. "चौथीत होती. कपाटाला कुणीतरी लागायचंच ना, ते कुणीतरी ही."